तपासणीच्या आदल्या रात्रीबद्दल

बाबांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, होऊन आता महिना होईल. आमच्याकडे याला "खालून दुर्बीण घालतात" असं म्हणतात, तेही आवाज खाली करून. मी इथे उघड लिहितेय, कारण त्या दबक्या आवाजापायी आम्ही आठ महिने घालवले.

बाबा 68 वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते. हिमोग्लोबिन 9 वर आलं, शौचाच्या तपासणीत रक्त सापडलं, म्हणून डॉक्टरांनी दुर्बीण सांगितली. घरात सगळ्यांचा एकच धोशा, "काही होत नाही हो, अर्ध्या तासाचं काम." मीसुद्धा तेच म्हणत होते. बाबा मान हलवायचे आणि ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठायचे.

अर्धा तास लागतो तो डॉक्टरांना. पेशंटचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. हॉस्पिटलने हातात एक इंग्रजी कागद दिला, बस्स. बाबा सातवी शिकलेले. मी बसून एकेक ओळ वाचून दाखवली. दोन दिवस आधीपासून पालेभाज्या, भाकरी, बिया असलेली फळं बंद, मऊ भात चालेल. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. वहिनीने मायेने कोकम सरबत करून ठेवलं होतं, ते ठेवून द्यावं लागलं. लाल रंग आत रक्तासारखा दिसू शकतो. बीपीची गोळी कधी घ्यायची, हे मी फोन करून विचारलं. शुगरच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर हे आधीच विचारा, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

मग ती पोट साफ करायची पावडर. दोन लिटर पाण्यात कालवायची, निम्मी संध्याकाळी, निम्मी पहाटे, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. खारट, बुळबुळीत चव. तिसऱ्या पेल्याला बाबांना उमासे यायला लागले. गार करून, वर लिंबू पिळून, स्ट्रॉने दिलं तेव्हा कुठे जाऊ लागलं. पाण्यासारखं आणि स्वच्छ होईपर्यंत फेऱ्या चालू राहतात. कातडी सोलवटते, म्हणून व्हॅसलीन आधीच आणून ठेवा. उपाशी म्हातारा माणूस रात्री दोनला उठतो तेव्हा चक्कर येते. मी बाबांना आतून कडी लावू दिली नाही, दिवा चालू ठेवला, फरशी पुसत राहिले.

पहिले दोन तास ते एकच सांगत होते, "तू जा, झोप बाळा." लेकीसमोर हे सगळं त्यांना सहन होत नव्हतं. मी संडासाबाहेर स्टूल टाकून बसले. फार बोलले नाही, नुसती बसले. रात्री दोनच्या सुमाराला आतून आवाज आला, "रक्त दिवाळीपासूनच पडतंय गं." डॉक्टरांना मात्र त्यांनी दोनच महिने झाले असं सांगितलं होतं. मूळव्याध असेल म्हणून कुठलासा पाला खात होते. मग म्हणाले, "आमचे आबा गेले ते असंच होऊन. पोटात गाठ होती."

हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. केसपेपरवर "घरात कुणाला कॅन्सर?" यापुढे मीच "नाही" लिहून आले होते.

सकाळी डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी पेन खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून विचारलं. गुंगीचं इंजेक्शन दिल्यामुळे बाबांना आतलं काही आठवत नाही. दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेले छोटे कोंब, निघाले, तिथल्या तिथे काढून बायोप्सीला, म्हणजे कॅन्सर आहे का ते तपासायला पाठवले. रिपोर्टचे आठ दिवस कसे गेले ते लिहीत नाही. कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो अशा जातीचे होते. तीन वर्षांनी पुन्हा बघायचं, आणि सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यायचं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. एमआरआय असो, दुर्बीण असो, "काही होत नाही" म्हणू नका. होतं. ज्याला होतंय तो मग तुमच्यापाशी बोलायचंच बंद करतो. काय होणार ते त्याच्या भाषेत नीट सांगा. रजा तपासणीच्या दिवसाची काढता ना, आदल्या दिवसाचीही काढा. आणि हॉस्पिटलवाल्यांनो, तो कागद मराठीत द्या, सोबत येणाऱ्याला दहा मिनिटं समोर बसवून समजावा. रात्रभर जागणारा तोच असतो.

धाकटे काका तपासणीला आधी नाहीच म्हणत होते. गेल्या रविवारी बाबा त्यांच्या घरी गेले, दोघं ओसरीवर बराच वेळ बसले. येत्या शुक्रवारी काकांची तारीख आहे. गुरुवारी बाबा तिकडे मुक्कामाला चाललेत. पिशवीत लिंबं, स्ट्रॉचं पाकीट आणि व्हॅसलीनची डबी आत्ताच भरून ठेवलीय.