ड्रायव्हरला कोणी मारलं?

फिल्म न्वार, म्हणजे जुन्या हॉलिवूडचे काळोखे गुन्हेगारी सिनेमे, हा प्रकार एकट्यानं बघायचा असतो, असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो असायला हवा. पडद्यावर रात्र, पाऊस, तिरकी हॅट आणि सिगारेटचा धूर. पडद्याबाहेर अंधार आणि आपण. एवढंच पुरेसं असतं. आमच्याकडे मात्र ट्यूबलाइट चालू असते, कारण आईला अंधारात मेथी निवडता येत नाही.

त्यातून ‘द बिग स्लीप’ सहकुटुंब बघणं म्हणजे निव्वळ धाडस. १९४६ सालचा सिनेमा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. रेमंड चँडलरची १९३९ साली आलेली त्याच नावाची कादंबरी, फिलिप मार्लो हा खासगी गुप्तहेर, त्या भूमिकेत हम्फ्री बोगार्ट आणि समोर लॉरेन बकॉल. पटकथा लिहिणाऱ्या तिघांपैकी एक विल्यम फॉकनर, ज्याला पुढे साहित्याचं नोबेल मिळालं. ही माहिती मी सुरुवातीलाच, जरा वजन पडावं म्हणून सांगितली.

“नोबेलवाला आहे? मग मी चष्मा नाही आणत,” आई म्हणाली.

बाबांनी मात्र चष्मा, वही आणि पेन तिन्ही आणलं. बाबांची सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. शिवाय लहानपणी ते बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा चार आणे वाचवून वाचवून वाचत आले. धनंजय असो की झुंजार, शेवटच्या पानापर्यंत गुन्हेगाराच्या मुसक्या बांधल्या गेल्याच पाहिजेत, अशी त्यांची पक्की धारणा. खून झाला की त्यासमोर खुनी हवा. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. खाली टोटल जुळली पाहिजे.

सुरुवात ठीक झाली. मार्लो जनरल स्टर्नवुड नावाच्या म्हाताऱ्या श्रीमंताला भेटायला जातो. जनरल ऑर्किडच्या काचघरात, चाकाच्या खुर्चीत, पायांवर पांघरूण घेऊन बसलेला. मार्लो घामानं निथळतोय.

“एवढ्या उकाड्यात त्यांना कुणी हलवत का नाही तिथून? घरात बाईमाणूस नाही का?” आईनं विचारलं.

“दोन मुली आहेत.”

“मग झालंच.”

जनरलला दारू बंद आहे, म्हणून तो पाहुण्याला ब्रँडी देतो आणि तो पिताना नुसता बघून समाधान मानतो. हा प्रसंग बाबांच्या काळजाला भिडला. त्यांना साखर बंद आहे. त्यांनी नातीच्या हातातल्या आइस्क्रीमच्या वाटीकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि वहीत लिहिलं : ‘जनरल. माणूस चांगला.’

यापुढे मात्र माणसं येऊ लागली. जनरलच्या धाकट्या मुलीवरून, कारमेनवरून, कुणी गायगर पैसे उकळतोय. आधी जो ब्रोडी नावाचा कुणी उकळत होता. जनरलचा लाडका रीगन गायब आहे. थोरल्या मुलीला, व्हिव्हियनला, मार्लो नक्की कशासाठी नेमलाय ते काढून घ्यायचंय. जुगाराचा अड्डा चालवणारा एडी मार्स याच्यात कसा, ते कुणालाच माहीत नाही. यातला गायगर आपली नीट ओळख व्हायच्या आतच मरतो, आणि ज्या रीगनबद्दल सगळे पूर्ण वेळ बोलतात तो पडद्यावर येतच नाही.

“रीगन कोण तो दाखव ना जरा,” बायको म्हणाली.

“दाखवत नाहीत.”

“अख्ख्या सिनेमात?”

“अख्ख्या सिनेमात.”

“मग मी लक्षात ठेवू कुणाला?”

मी रिमोट उचलला. सिनेमा थांबवून नातेसंबंध समजावणं हा या रात्रीचा मुख्य कार्यक्रम होणार हे तेव्हाच दिसू लागलं. त्यातच ही माणसं इतकी भराभर बोलतात की सबटायटल वाचून होईस्तोवर बोलणारा माणूस खोलीतून निघून गेलेला असतो, आणि काही वेळा जगातून.

मग गायगरचं दुकान आलं. मार्लो हॅटची कड वर वळवून, काळा चष्मा लावून, चिरक्या आवाजात एका दुर्मिळ आवृत्तीची चौकशी करतो आणि काउंटरवरच्या बाईला पुस्तकांतलं काहीच कळत नाही हे आपल्याला समजतं. बोगार्ट इथे इतका मजेत आहे की मी एकटाच हसलो.

“पण या दुकानात गुन्हा काय चाललाय?” मुलीनं विचारलं. ती कॉलेजात आहे आणि तिला नको तिथे मुद्देसूद प्रश्न पडतात.

प्रश्न रास्त होता, पण डाव्या बाजूला आई आणि उजव्या बाजूला बाबा बसले होते. कादंबरीत गायगर अश्लील पुस्तकं भाड्यानं देण्याचा धंदा करतो. त्या वेळी हॉलिवूडवर नीतिनियमांची सेन्सॉरशिप होती, त्यामुळे सिनेमाला हे बोलता येत नाही. प्रेक्षकानं आपलं आपण समजून घ्यायचं. अमेरिकन सेन्सॉरनं सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी जे टाळलं ते आता मी सोफ्यावर बसून सांगायचं होतं.

“पुस्तकं भाड्यानं देतात,” मी म्हणालो.

“मग त्यात काय?” बाबा.

“पावती देत नाहीत.”

बाबांना गुन्ह्याचं गांभीर्य तत्काळ पटलं.

समोरच्याच दुसऱ्या पुस्तकाच्या दुकानात डोरोथी मलोन ही नटी आहे. ती मार्लोला गायगरचं वर्णन सांगते, बाहेर पाऊस कोसळतो, ती दुकानाचा पडदा ओढते, चष्मा काढते, केस सोडते. माझ्या मते सिनेमातली ही सगळ्यात सुंदर पाच मिनिटं आहेत, आणि कथानकाशी त्यांचा संबंध नावापुरता.

“ही कोण?” बायकोनं विचारलं.

“कोणी नाही.”

“म्हणजे?”

“परत येत नाही ही.”

“मग इतका वेळ कशाला हिच्यावर?” आणि थोडं थांबून, “तू हा सिनेमा आधी पाहिलायस ना? म्हणूनच लावलास.”

याला उत्तर नव्हतं. सुदैवानं तेवढ्यात पडद्यावर गोळ्या झडल्या आणि गायगर मेला. मार्लो कारमेनला घरी सोडून परत येतो तर प्रेत गायब. पाठोपाठ बातमी येते की स्टर्नवुडांची गाडी धक्क्यावरून समुद्रात गेलीय आणि आत त्यांचा ड्रायव्हर ओवेन टेलर मरून पडलाय.

इथे बाबांनी माझ्या हातातून रिमोट घेतला. वही पुढे आली. गायगरला मारलं टेलरनं, कारण टेलरचं कारमेनवर प्रेम होतं. बरोबर. टेलरचा पाठलाग करून त्याच्या डोक्यात फटका घालून कारमेनच्या फोटोची फिल्म पळवली ब्रोडीनं. तेही तो स्वतःच सांगतो. पण मारलं नाही म्हणतो. पुढे ब्रोडीला गोळी घालतो गायगरचा माणूस, भलत्याच समजुतीनं. तेही जुळलं.

“आता ड्रायव्हर,” बाबा म्हणाले. “याच्यासमोरचा रकाना रिकामा आहे.”

“तो रिकामाच राहतो.”

“असं कसं राहील? पुढे येईल.”

“नाही येत, बाबा.” आणि मी तो किस्सा सांगितला, जो जगभरच्या सिनेमावेड्यांना पाठ आहे. शूटिंगच्या वेळी खुद्द सिनेमा करणाऱ्यांनाच हा प्रश्न पडला. त्यांनी चँडलरला तार केली : ड्रायव्हरचा खून झाला की त्यानं जीव दिला? चँडलरनं पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय की आपल्यालाही ते माहीत नव्हतं.

घरात सन्नाटा. आईचा मेथी निवडणारा हातसुद्धा थांबला.

“लेखकालाच माहीत नाही?” बाबांनी अगदी हळू विचारलं. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेचे घोळ पाहिले असतील, पण ज्यानं व्हाउचर लिहिलं त्यालाच रक्कम माहीत नाही, हे नवीन होतं.

मी चँडलरची बाजू मांडली. हा माणूस तेलकंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. १९३२ साली, दारूपायी आणि बाकीच्या भानगडींपायी, नोकरी गेली. मग चाळिशी उलटल्यावर स्वस्त मासिकांत गुन्हेगारी कथा लिहू लागला. पहिली १९३३ साली ‘ब्लॅक मास्क’मध्ये आली. पुढे कादंबरी लिहायची वेळ आली तेव्हा त्यानं आपल्याच जुन्या कथा फोडून एकत्र केल्या, प्रामुख्यानं दोन. एकीतला ब्लॅकमेलर, दुसरीतला बेपत्ता माणूस.

“म्हणजे दोन फायली एकात घातल्या आणि पानांचे नंबर बदलले नाहीत,” बाबा म्हणाले.

चँडलरवर इंग्रजीत पुष्कळ समीक्षा झाली आहे. इतक्या कमी शब्दांत मी तरी कुठे वाचली नाही.

एव्हाना मुलगी फोनवर होती. तिला वाटत होतं की आम्ही मागासलेल्या पद्धतीनं बघतोय, उत्तर आधी शोधून मग प्रश्न बघायचा असतो. “बाबा,” ती मला म्हणाली, “रीगनला पुस्तकात मारणारं माणूस वेगळं आहे आणि सिनेमात वेगळं!”

हेही खरं आहे. कादंबरीत रीगनला कारमेन मारते. सिनेमा सगळा भार एडी मार्सवर ढकलतो.

“एका खुनाला दोन आरोपी आणि एका खुनाला शून्य,” बाबा पुटपुटले. “सरासरी काढून बसले की काय?”

आता सगळंच हातातून जातंय म्हटल्यावर मी उरलीसुरली गोष्टही सांगून टाकली. हा सिनेमा मुळात १९४५च्या सुरुवातीला तयार झाला होता आणि परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवलाही होता. त्या आवृत्तीत एक लांब प्रसंग होता, ज्यात मार्लो सरकारी वकिलाच्या ऑफिसात बसून कोणी कोणाला का मारलं ते अथपासून समजावतो. पण दरम्यान बोगार्ट-बकॉलचं लग्न झालं, जोडी गाजत होती, आणि बकॉलच्या दुसऱ्या एका सिनेमावर समीक्षक तुटून पडले होते. तेव्हा स्टुडिओनं १९४६मध्ये दोघांचे नवे प्रसंग चित्रित केले, आणि खुलाशाचा प्रसंग कापून टाकला. नव्या प्रसंगांत एका ठिकाणी ती दोघं समोरासमोर बसून शर्यतीच्या घोड्यांबद्दल बोलतात. म्हणजे तोंडानं घोड्यांबद्दल.

“खुलासा होता आणि तो काढला?” बाबा उभेच राहिले.

“बरं केलं,” बायको म्हणाली. घोड्यांचा प्रसंग तिनं रिमोट घेऊन पुन्हा लावला. त्या वेळी कुणी काही विचारलं नाही. आईनंही चष्मा मागवून घेतला. पटकथेतली दुसरी लेखक, ली ब्रॅकेट, हिची रहस्यकथा वाचून हॉक्सनं ‘त्या ब्रॅकेट नावाच्या माणसाला बोलवा’ म्हटलं आणि आली एक तरुण बाई, हेही मी सांगून टाकलं. आमच्या सोफ्याच्या अर्ध्या भागाचं मत सिनेमाच्या बाजूनं झुकलं.

आणि खरं तर सिनेमा तिथेच आहे. हॉक्सनं स्वतः पुढे मुलाखतींत मान्य केलं की कथानक त्याला पुरतं कधी उमगलं नाही. त्यानं प्रसंग रंगवले. बारक्या हॅरी जोन्सला कनीनो नावाचा गुंड हसत हसत विष पाजतो आणि भिंतीपलीकडे मार्लोला नुसतं ऐकत राहावं लागतं, हा प्रसंग आला तेव्हा बाबा नाव लिहायचं विसरले. मागून आठवण झाल्यावर लिहिलं : ‘जोन्स. गरीब होता.’

शेवटी मार्स स्वतःच्याच माणसांच्या गोळ्यांना बळी पडला, पोलिसांच्या गाड्यांचा आवाज आला, सिनेमा संपला. ११४ मिनिटांच्या सिनेमाला आम्ही मध्यरात्र केली होती. बाबांनी वही पुढे ओढली. रीगन, गायगर, टेलर, ब्रोडी, जोन्स, कनीनो, मार्स. सात मुडदे. सहांची नोंद लागली, त्यातल्या एकावर प्रश्नचिन्ह. सातव्यासमोर त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं.

“ब्रोडीच,” ते म्हणाले. “शेवटचा व्यवहार त्याच्याशी झालाय.”

“तो नाही म्हणतो ना पण.”

“सगळेच नाही म्हणतात.”

आईनं निवडलेली मेथी फडक्यात बांधली. उठता उठता तिनं विचारलं, “आणि त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं की नाही? त्याचा तो रीगन गेला म्हणून? मघापासून वाट बघतेय, काचघरात परत कुणी गेलंच नाही.”

खरंच नाही जात. जनरल पहिल्या प्रसंगानंतर पुन्हा दिसत नाही. इतकी वर्षं मी ड्रायव्हरच्या मागे लागलेल्या लोकांचं वाचत होतो. हे कुणी विचारलेलं निदान माझ्या तरी वाचनात नव्हतं.

“कादंबरीत मार्लो पुन्हा भेटतो त्याला,” मी म्हणालो. “पण खरं काय ते सांगत नाही. म्हाताऱ्याला सोसणार नाही म्हणून लपवतो.”

“चांगला आहे हो मुलगा,” आई म्हणाली.

“फी किती त्याची?” बाबांनी विचारलं.

“पुस्तकात रोजचे पंचवीस डॉलर. वर खर्च वेगळा.”

“खर्च वेगळा! आणि पार्टीला रिपोर्ट नाही, पावत्या नाहीत, एक खून बेवारस.” त्यांनी वहीच्या तळाशी दोन रेघा मारल्या आणि पेनाला टोपण लावलं. “बिल नामंजूर.”