‘दुय्यम’ कोणी ठरवलं? पॅसिफिक कोस्ट लीगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पॅसिफिक कोस्ट लीगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिखटही. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही बेसबॉल लीग शेवटी मायनर लीगच, म्हणजे खालच्या पातळीचीच होती. तिथले खेळाडू खरोखर चांगले असते, तर वर मेजर लीगमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वोच्च पातळीवर, गेलेच असते. १९५८ साली डॉजर्स आणि जायंट्स हे मेजर लीगचे संघ न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात आले आणि लोक तिकडे धावले, म्हणजे बाजाराने निकाल दिला. आयपीएल आल्यावर आपल्याकडे रणजी ओस पडली तसंच हे, त्यात गळा काढण्यासारखं काय आहे?

तुमच्या सगळ्यात भक्कम मुद्द्यापासून सुरुवात करतो. लोक धावले, हे खरंच आहे. १८ एप्रिल १९५८ ला लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये डॉजर्सचा पहिला घरचा सामना झाला, तेव्हा ७८,६७२ प्रेक्षक होते. पॅसिफिक कोस्ट लीगमधल्या जुन्या एंजल्स संघाच्या रिग्ली फील्डवर याच्या एक तृतीयांशही माणसं मावत नव्हती. जायंट्सच्या वीली मेजसारख्या दिग्गजाला डोळ्यांनी पाहायला मिळणार असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोचा माणूस घरी कशाला बसेल?

पण त्या आधीच्या वर्षी कोणी काय विकलं आणि कोणी घेतलं ते पाहा. फेब्रुवारी १९५७ मध्ये डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी लॉस एंजेलिस एंजल्स हा क्लब मैदानासकट विकत घेतला. विकणारे होते फिलिप रिग्ली. हे च्युइंगगमवाले रिग्ली मेजर लीगमधल्या शिकागो कब्जचेही मालक होते. त्याच शरद ऋतूत सॅन फ्रान्सिस्को सील्स जायंट्सच्या हाती आले. देणारे कोण? बॉस्टन रेड सॉक्स, कारण सील्स तोवर त्यांच्या मालकीचे झाले होते. बदल्यात रेड सॉक्सना मिनियापोलिसचा क्लब मिळाला. म्हणजे लीगच्या दोन सर्वांत मोठ्या शहरांचा सौदा झाला, तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना मेजर लीगचीच माणसं बसली होती. सील्सनी त्याच हंगामात लीग जिंकली होती, आणि पुढच्या हंगामात तो क्लब फिनिक्सला होता. एंजल्स स्पोकेनला गेले, हॉलिवूड स्टार्स सॉल्ट लेक सिटीला. याला बाजाराचा निकाल म्हणायचं असेल तर म्हणा, मला तरी त्यात स्पर्धा कुठे दिसत नाही.

आता ‘चांगले असते तर वर गेले असते’ या वाक्याकडे येतो. पुष्कळ जण गेलेच. जो डिमॅजिओने १९३३ साली सील्सकडून सलग ६१ सामन्यांत हिट मारली (म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठला), तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढे सील्सनी त्याला मेजर लीगमधल्या यँकीजला विकलं. पुढे दिग्गज ठरलेला टेड विल्यम्स याच लीगच्या सॅन डिएगो पाद्रेजमध्ये घडला. टोनी लाझेरीने १९२५ साली सॉल्ट लेककडून ६० होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले. त्या हंगामात तो १९७ सामने खेळला आणि सॉल्ट लेकच्या उंचावरच्या विरळ हवेत चेंडू जास्त लांब जातो, हेही सांगायला हवं, नाहीतर पुढच्या प्रतिक्रियेत तुम्ही सांगालच.

पण न गेलेल्यांची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. फ्रँक शेलेनबॅक नावाचा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) होता, स्पिटबॉल टाकणारा, म्हणजे चेंडूला थुंकी लावून तो वेडावाकडा वळवणारा. १९२० साली या प्रकारावर बंदी आली, तेव्हा ज्यांची रोजीरोटीच त्यावर होती अशा मेजर लीगमधल्या मोजक्या पिचरना सूट मिळाली. शेलेनबॅक व्हाइट सॉक्सकडून खेळून आलेला होता, पण यादी ठरली तेव्हा तो नेमका खालच्या लीगमध्ये होता. यादीत नाव नाही, म्हणून वरचं दार बंद. पॅसिफिक कोस्ट लीगने मात्र आपल्या पिचरना स्पिटबॉल टाकू दिला आणि या माणसाने तिथे २९५ सामने जिंकले. तो ‘दुय्यम’ होता का? असेलही. पण ते मैदानावर ठरलं नाही, एका कागदावर ठरलं. टेड विल्यम्स पाद्रेजमध्ये आला तेव्हा त्याचा मॅनेजर हाच शेलेनबॅक होता.

काही जणांना वर जायची घाईच नव्हती. कॅलिफोर्नियाच्या हवेमुळे हंगाम मार्चअखेरपासून शरद ऋतूपर्यंत लांबायचा, वर्षाला २०० च्या आसपास सामने व्हायचे. १९०५ साली सील्स २३० सामने खेळले. जास्त सामने म्हणजे जास्त महिन्यांचा पगार. नावाजलेल्या खेळाडूंना तिथे मेजर लीगच्या तोडीचे पैसे मिळायचे, वर शिकागोच्या थंडीतून सुटका.

दर्जा सरसकट बरोबरीचा होता, असं मी म्हणत नाही. स्टीव्ह बिल्कोने १९५६ साली एंजल्सकडून ५५ होमरन मारले, ओळीने तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण मेजर लीगमध्ये त्याची तशी जादू कधी चालली नाही. लॉस एंजेलिसचं मैदान आखूड होतं, ही तुमची शंका रास्त आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. दर्जा वाढवायला पैसा लागतो आणि कसलेले खेळाडू हाताशी टिकवावे लागतात. नेमकी तीच वाट या लीगला नियमांनी बंद केली होती.

ती कशी, ते थोडं खोलात सांगतो. १९०३ साली ही लीग सुरू झाली ती बंडखोर म्हणून. मायनर लीगांची राष्ट्रीय संघटना १९०१ मध्ये उभी राहिली होती, तिच्या बाहेर. पुढच्याच वर्षी ती संघटनेत आली आणि तिथून ड्राफ्टच्या फेऱ्यात सापडली. ड्राफ्ट म्हणजे मेजर लीगच्या क्लबने खालच्या क्लबचा खेळाडू ठरीव किमतीला उचलायचा, विकणाऱ्याला नाही म्हणायची मुभा नाही. १९२० च्या दशकात या आणि आणखी काही वरच्या मायनर लीगांनी ड्राफ्टमधून अंग काढून घेतलं. तेव्हा काय झालं बघा: सील्सनी विली कॅम या खेळाडूचे व्हाइट सॉक्सकडून एक लाख डॉलर घेतले, तेही १९२२ साली. बाजार म्हणतात तो हा. पण १९३१ मध्ये ड्राफ्ट परत लादला गेला आणि तो बाजार तिथेच आटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स रोलँड यांनी उघडपणे मागणी केली: आम्हाला तिसरी मेजर लीग म्हणून मान्यता द्या. अगदी हवेतली मागणी नव्हती ती. १९४६ साली सील्सच्या मैदानावर ६,७०,५६३ प्रेक्षक आले. हंगाम लांब होता हे धरूनही लक्षात घ्या, मेजर लीगमधल्या सेंट लुईस ब्राउन्सना त्या वर्षी एवढी गर्दी जमवता आली नाही. आणि गंमत म्हणजे याच ब्राउन्सना लॉस एंजेलिसला हलवायचा बेत १९४१ मध्येच शिजला होता. त्यावरची बैठक ८ डिसेंबरला होती. आदल्या दिवशी पर्ल हार्बर झालं. शहर मेजर लीगच्या लायकीचं आहे हे पूर्वेकडच्या मालकांना तेव्हाच कळलं होतं, फक्त तिथला स्थानिक क्लब त्यांना त्या लायकीचा वाटत नव्हता.

मान्यता मिळाली नाही. १९५२ मध्ये ‘ओपन’ नावाचा एक मधला दर्जा मिळाला, ड्राफ्टची पकड थोडी सैल झाली. तोवर टीव्ही घरोघरी पोचला होता, मेजर लीगचे सामने बसल्या जागी दिसत होते आणि मायनर लीगांची मैदानं देशभर रिकामी पडत चालली होती. ओकलंडचा क्लब तर डॉजर्स येण्याआधीच, १९५५ चा हंगाम संपल्यावर व्हँकुव्हरला गेला. टीव्हीमुळे प्रेक्षक घटले, हा तुमचा मुद्दा इथे मला पूर्ण मान्य आहे. जायंट्स आले नसते तरी ही लीग १९४६ सारखी राहिली असती, असं मला वाटत नाही.

कोर्टात जायचं तर तेही दार बंद. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही. १९५३ मध्ये टूलसन नावाच्या मायनर लीगच्या पिचरने यँकीजविरुद्ध त्याच कायद्याखाली दाद मागितली आणि न्यायालयाने जुनाच निकाल कायम ठेवला. जो धंदा स्पर्धेच्या कायद्यातून मुक्त आहे, त्यात ‘स्पर्धेत हरले’ हा युक्तिवाद कसा लावायचा?

आता रणजी. तुलना सुचणं साहजिक आहे, पण ती लंगडी पडते. रणजीचे संघ राज्य संघटनांचे आहेत. आयपीएल आली म्हणून मुंबईच्या रणजी संघाला गाशा गुंडाळून इंदूरला जावं लागलं नाही, की त्याचं नाव कोणी काढून घेतलं नाही. इथे मात्र ‘एंजल्स’ हे नाव १९६१ मध्ये नव्या मेजर लीग संघाने घेतलं, पहिला हंगाम जुन्याच रिग्ली फील्डवर खेळला. १९६९ मध्ये ‘पाद्रेज’ही तसंच गेलं.

‘तुम्ही त्या काळाला सोनेरी मुलामा देता’ असंही तुम्ही लिहिलंय. मुलामा नको असेल तर हे घ्या: १९१६ साली ओकलंडने जिमी क्लॅक्स्टन या पिचरला मूळनिवासी इंडियन समजून घेतलं, तो कृष्णवर्णीय असल्याचं कळल्यावर काही दिवसांतच काढून टाकलं. तेवढ्यात त्याचं चित्र असलेलं मिठाईच्या पाकिटातलं कार्ड मात्र छापून झालं होतं. त्यानंतर या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू उघडपणे उतरला तो थेट १९४८ मध्ये, सॅन डिएगोकडून जॉन रिची. म्हणजे मेजर लीगमध्ये, ब्रुकलिनच्या डॉजर्सकडून, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू आल्यानंतर वर्षभराने. मोकळ्याढाकळ्या पश्चिमेच्या गप्पा मारणाऱ्या लीगला हे शोभणारं नव्हतंच.

शेवटी तुम्ही विचारलंय, ही लीग आता आहे का. आहे. १९९८ मध्ये ती इतकी पसरली की ‘पॅसिफिक कोस्ट’मध्ये नॅशव्हिल आणि मेम्फिससुद्धा होती, नकाशा समोर ठेवून हसू येईल. २०२१ साली मेजर लीगने सगळी मायनर लीग व्यवस्था थेट आपल्या ताब्यात घेतली, संलग्न क्लब १२० वर आणले आणि या लीगचं नाव ‘ट्रिपल-ए वेस्ट’ (ट्रिपल-ए म्हणजे मायनर लीगांची सर्वांत वरची पायरी) करून टाकलं. वर्षभरात जुनं नाव परत दिलं. सध्या तिच्यात दहा क्लब आहेत. त्यातल्या सॅक्रामेंटोच्या मैदानावर २०२५ पासून अ‍ॅथलेटिक्स हा ओकलंड सोडलेला मेजर लीगचा संघ मुक्कामाला आहे, लास व्हेगासचं नवं स्टेडियम तयार होईपर्यंत.