सही तेवढी मारून जा

उत्तराखंडात २०२५ ला समान नागरी कायदा लागू झाला तेव्हापासून आमच्या फोंड्याच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी कॉलर ताठ करतंच, गोव्यात हे आधीपासून आहे, मुलगा मुलगी समान वगैरे. मी लिस्बनमध्ये बसून वाचते आणि हसू येतं, कारण आपला कायदा म्हणजे मुळात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, इथल्या लोकांनी तो १९६७ मध्येच बदलून टाकला, आपण मात्र अजून सांभाळतोय.

कायदा वाईट नाही हां. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोचं सगळं निम्मं-निम्मं, आणि मुलं असताना आईबापांना मृत्युपत्राने अर्ध्याहून जास्त इस्टेट दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे मुलीला उगाच डावलता येत नाही.

पण डावलतंय कोण? तीच सही करते. बाबा गेल्यावर चतुर्थीला घरी गेले, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-फुलांची चौकट) अजून उतरवली नव्हती आणि दादा म्हणाला, "आलीच आहेस तर सही तेवढी मारून जा, तुला तिकडे काय कमी आहे." हक्कसोडीचं डीड, नोटरीसमोर, माझी सही आणि कायद्याप्रमाणे माझ्या नवऱ्याचीही. वाचलं पण नाही नीट. केली.

इथे पोर्तुगालात बाप झालेल्याला २८ दिवस रजा घ्यावीच लागते, पूर्ण पगारावर, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा बाप्या रजेवर गेला तेव्हा कुणाला काही वाटलंच नाही. निवडणुकीच्या उमेदवारांच्या यादीत निदान ४० टक्के बायका हव्यातच. (इथेही सगळं गोड नाही, पहाटेच्या बसमध्ये ऑफिसं झाडायला निघालेल्या बायकाच दिसतात.) आपल्याकडे महिला आरक्षण २०२३ ला पास झालं खरं, पण जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून, आणि गोव्यात २०२२ ला ४० आमदारांत ३ बायका निवडून आल्या. मला तरी वाटतं, जो हक्क भिडेखातर सोडता येतो तो आपल्याकडे भिडेखातर सोडवूनच घेतात, म्हणून थोडी सक्ती हवीच. निदान भाऊ समोर बसलेला असताना आणि घरात पाहुणे असताना तरी अशी सही घेऊ नये.

त्या दिवशी चहा देताना वहिनी हळूच म्हणाली, "मी पण दिवाळीला माझ्या भावाला सही देऊन आले." दादाला ते ऐकू गेलं नसावं.

आता आईच्या निम्म्यातल्या कुळागराची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेची, गोष्ट निघालीये. तिकीट काढलेलं नाही अजून.