राउटरचा जीर्णोद्धार

त्याला काही झालं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

नारायण पेठेतली आमची इमारत जुनी. भिंती अशा, की दिवाणखान्यातून मारलेली हाक मधल्या खोलीत पोचत नाही. तिथे वायफाय काय पोचणार? म्हणून मधल्या खोलीत कपाटावर, मखराच्या खोक्याशेजारी एक जुना राउटर ऍक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायफाय पुढे पोचवायला, बसवलेला. बिचारा गुमान चालत होता. पण कंपनीने त्याला अपडेट पाठवणं केव्हाच बंद केलेलं, आणि माझ्या डोक्यात 'ओपनडब्ल्यूआरटी' शिरलं. लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरात लिनक्स ही खुली प्रणाली निघाली, तिच्या परवान्यापायी २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि २००४ पासून लोकांनी त्यावर हे फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, उभारलं. फुकट, आणि वर कुणाचे उपकार नाहीत. पुणेकर अजून किती दम धरणार?

आधी राउटर उलटा करून स्टिकर वाचायचं. एकाच मॉडेलचे दोन-तीन अवतार असतात, आतली चिप वेगळी, म्हणून फाइलही वेगळी. नेमका आकड्यावर तेलाचा डाग. चष्मा, टॉर्च, शेवटी आईचं पंचांगाचं भिंग.

फाइल मिळाली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर राउटर मांडला, लॅपटॉपला वायरने जोडला, बटण दाबलं. 'वीज बंद करू नका' असं स्क्रीनवर आलं. मी चहाचा कप घ्यायला वळलो, तेवढ्यात मिक्सर सुरू झाला.

"आई, प्लग!"

"अरे, मूठभर दाण्याचं कूट फक्त. हा बघ, लावला परत."

लावला, पण आता एकच दिवा, तोही मख्ख. ह्याला जाणकार वीट झाली म्हणतात.

विटेतही थोडी धुगधुगी असते. बूटलोडर, म्हणजे वीज आली की सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, शाबूत असला, तर रिसेट दाबून ठेवून वीज द्यायची. मग तो काही सेकंदच ठरावीक पत्त्यावर ठरावीक नावाची फाइल मागतो. लॅपटॉपला तो पत्ता द्यायचा, फाइलला ते नाव. एका अक्षराची चूक झाली की पुन्हा श्रीगणेशा. रिसेटच्या भोकात आईच्या पदराची पिन, बटणापाशी आई.

"आता?"

"थांब."

"थांब म्हणजे लावू की नको?"

पाचव्या खेपेला दिवे लुकलुकले. आई म्हणाली, "बघ, मीच लावला."

पण वायफाय दिसेना. हे फर्मवेअर नवं घातलं की वायफाय बंदच असतं, ते आत शिरून आपण चालू करायचं. आत शिरायचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि दिवाणखान्यातल्या मुख्य राउटरचाही तोच! एका घरात दोन कर्ते. धाकट्याचा पत्ता बदलला, घरातल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं त्याचं काम काढून घेतलं, तेव्हा संध्याकाळी सहाला शांतता झाली. रेंज होती तेवढीच आहे. फर्मवेअरने अँटेना लांब होत नाही, हे मला आधीही ठाऊक होतं.

तोवर शेजारच्या पोरांना जिन्यात वायफायचा सुगावा लागलेला. म्हटलं, नेटवर्कचं नावच 'स्वतःचे घ्या' ठेवू. बसेना. नावाला ३२ बाइटची मर्यादा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-विसर्गासकट, तीन बाइट खातं. माझी पाटी ३४ भरली. नाइलाजाने 'मागू नका' ठेवलं. २२ बाइट.