वडिलोपार्जित घर विनाखर्च कसे पाडावे

कोकणातले जुने घर पाडायचे म्हटले की लोक लगेच जेसीबीच्या भाड्याची चौकशी करू लागतात, याइतका अविचार दुसरा नाही. जेसीबीला पैसे मोजावे लागतात, गावात चर्चा होते आणि घर कोणी पाडले हे पुढच्या पिढीपर्यंत लक्षात राहते. याउलट रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो फुकट पडतो, आणि त्याच्यावर भावकीतले कोणीही ठपका ठेवीत नाही. आपण केवळ त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे आहे.

आरंभ छपरापासून करावा. पूर्वी वैशाखात, मृग लागण्याच्या आधी, माणसे छपरावर चढून कौले परतीत, फुटकी बदलीत आणि आंब्याफणसाचा साचलेला पातेरा झाडून काढीत. या शाकारणीमुळेच कित्येक घरांना शंभरी गाठण्याची खोड लागली. ही प्रथा प्रथम बंद करावी. पातेरा कौलांवर राहिला की पाण्याचा निचरा अडतो आणि ते कौलांच्या सांध्यातून आत वळते. माकडाच्या उडीने एखादे मंगलोरी कौल सरकले असेल तर उत्तमच. तेथून आलेले पाणी रिपेवरून वाशावर उतरते आणि वाशाच्या उताराने थेट भिंतीच्या माथ्यापर्यंत जाते, म्हणजे वाशाचे टोक जेथे टेकलेले असते आणि जेथे आपली नजर कधीच पोहोचत नाही, नेमके ते ठिकाण आधी कुजते. खाली मात्र एक पितळी परात अवश्य ठेवावी. परात ठेवली की गळती थांबली अशी घरातल्या सर्वांची खात्री पटते, आणि ती भरली की ओतून टाकण्याला देखभाल म्हणता येते.

चूल तर केव्हाच विझली आहे, याबद्दल स्वतःचे अभिनंदन करावे. रोजच्या धुराने पाटणीचे आणि छपराचे लाकूड कोरडे राही, किडीला तेथे टिकाव धरता येत नसे. गॅस आल्यावर वाशांची ती सक्तीची धुरी संपली. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याचा सल्ला कोणी वडीलधाऱ्याने दिलाच, तर त्याचा वास येतो असे सांगून तो विषय मिटवावा. वाळवीला ओल, काळोख आणि निवांतपणा लागतो, आणि अकरा महिने बंद असलेल्या घरात या तिन्ही गोष्टी मुबलक असतात. शिवाय जुनी दारे, मोडके पाट आणि सरपण पडवीत जमिनीवरच, भिंतीला टेकवून रचून ठेवावे. भिंतीवर मातीची बारीक नळी वर चढताना दिसली, तर कोपऱ्यातले जाळे समजून कॅलेंडर त्यावर सरकवावे.

भिंतींसाठी थोडा खर्च करण्याची माझी हरकत नाही, कारण येथे खर्च करूनही नुकसान साधते. मातीत रचलेल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत ओल शिरते आणि उघडीप मिळाली की निघूनही जाते. तिला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा जाड गिलावा करावा, म्हणजे फटींतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडणे कठीण होईल. पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी झावळ्यांचे विणलेले झाप बांधीत, ते गावंढळ दिसतात म्हणून वगळावेत. गणपतीच्या आधी, भिंत ओली असतानाच, फक्त दर्शनी बाजूला रंग काढावा. फोटो चांगले येतात. चिऱ्यांच्या सांध्यात पक्ष्याच्या कृपेने पिंपळ उगवला असेल, तर तो तोडणे पाप आहे हे आपल्याला त्याच दिवशी आठवावे. एरवी दिवसभर पाप-पुण्याचा विचार न करणाऱ्यांनाही हे सहज जमते.

परंतु पाऊस, वाळवी आणि पिंपळ हे तिघे एकत्र आले तरी त्यांना जे साधणार नाही, ते सामाईक मालकी साधते. घरपत्रकाच्या उताऱ्यावर जितकी नावे अधिक, तितका प्रत्येकाला स्वस्थ बसण्याचा हक्क अधिक. मुंबईच्याने म्हणावे की गावचा राहतो, त्याने करावे. गावच्याने म्हणावे की घर काय माझ्या एकट्याचे आहे? पुण्याच्याने दोघांचे बोलणे शांतपणे ऐकून, सर्वांनी मिळून बसूया, असे सुचवावे. गावात राहणाऱ्या चुलतभावाकडे किल्ली सोपवावी, पैसे मात्र सोपवू नयेत. आणि त्याने पदरमोड करून दहा-वीस कौले बदललीच, तर पुढच्या गणपतीत, आरती संपल्यावर, सर्वांदेखत त्याच्याकडे पावती मागावी. त्यानंतर तो छपराकडे मान वर करूनसुद्धा पाहणार नाही.

अधूनमधून निसर्गही आपली लाज राखतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कौले आणि पत्रे उडाले. त्यात धडधाकट घरांचेही अतोनात नुकसान झाले, हे खरे. पण ज्यांचे वासे आधीच पोखरलेले होते, त्यांनाही वर्षानुवर्षांच्या आळसाचे खापर फोडायला एक नाव मिळाले.

एवढे करून घर बसले, की त्या जागी स्लॅबचा बंगला बांधावा, आणि वाळू किनाऱ्यावरचीच, न धुतलेली वापरावी. तिच्यातले मीठ सळ्यांना आतून गंजवते, गंज फुगतो आणि काँक्रीटच्या खपल्या पडू लागतात. आजोबांच्या घराने तीन पिढ्या लावलेले काम एका पिढीत उरकते. बंगल्याच्या परवानगीसाठी उताऱ्यावरील सर्वांच्या सह्या मात्र लागतील. त्या जमेपर्यंत आणखी पाच-सहा पावसाळे सहज निघतील, तेव्हा परात अजून उचलू नये.