मलेरियाच्या ‘निरोपाच्या पुड्या’ आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्या

सध्या गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मलेरियाचे जंतू रक्तात एकमेकांना ‘निरोपाच्या पुड्या’ पाठवतात, गोळ्या घेतल्या की त्या पुड्यांमधून ते आणखी बळकट होतात, म्हणून ताप उतरला की गोळ्या बंद करा आणि पपईच्या पानांचा रस प्या. साखळीच्या माझ्या मावशीने हे वाचून प्रायमाक्वीन या मलेरियाच्या गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून दिली. म्हणून हे लिहितोय.

पुड्या असतात, एवढं मान्य. लागण झालेल्या लाल पेशी सूक्ष्म पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, बाहेर सोडतात. 2013 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात फाल्सिपॅरम या प्रकारच्या मलेरियाच्या जंतूंनी औषधाला दाद न देणारं जनुक अशा पुटिकांतून एकमेकांना दिल्याचं दिसलं. पण ते जनुक शास्त्रज्ञांनीच जंतूंत घातलं होतं आणि सगळा प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीत झाला. गोळ्या घेऊ नका, असा अर्थ त्यातून कुठून काढला?

मावशीला झालाय तो व्हायवॅक्स या प्रकारचा मलेरिया. गोव्यात प्रामुख्याने हाच आढळतो. क्लोरोक्वीन या गोळीने रक्तातले जंतू मरतात, ताप जातो, माणसाला वाटतं सुटलो. पण काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होऊन पुन्हा तापाने लोळवतात. त्यांना मारण्यासाठीच प्रायमाक्वीनचा 14 दिवसांचा कोर्स असतो. बरं वाटायला लागल्यावरच या गोळ्यांचं खरं काम चालू असतं, आणि हा मेसेज नेमक्या तेव्हाच त्या बंद करायला सांगतो! गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत. जी-सिक्स-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर या गोळीने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दोतोराकडे जायचं. गोळी थांबवायचं खरं कारण हे. त्याचा मेसेजमध्ये उल्लेखसुद्धा नाही.

पपईच्या रसाने मलेरिया बरा होत नाही, यकृतातले जंतू तर नाहीच नाही.

मेसेजच्या शेवटी म्हटलंय, बांधकामावरच्या कामगारांच्या हातचं खाऊ नका, पुड्या थुंकीतून येतात. हे वाचून फार चीड आली. मलेरिया जेवणातून किंवा थुंकीतून पसरत नाही, ॲनोफिलीस डासाची मादी चावल्याने पसरतो. त्यातला स्टीफेन्सी डास बांधकामावरच्या उघड्या टाक्यांत आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जाब विचारायचाच असेल तर टाकीवर झाकण न घालणाऱ्या ठेकेदाराला विचारा.