टरफलाचं सोनं झालं, पण काकीच्या बोटांचं काय?

आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: 'कोकणात कचरा नाही, फुकटचं सोनं आहे. बोंडू (काजूचं फळ), सोडणं (नारळाची साल), काजूची टरफलं यांच्या संशोधनात पैसा ओता, गरिबी आपोआप हटेल, माणसं सुखी होतील.' संशोधनाला पैसा हवाच. भारत त्यावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. माझं भांडण आहे ते त्या 'आपोआप'शी.

कचरा सोनं आहे, पण कोणाचं? काजूच्या टरफलातल्या तेलाचा उपयोग संशोधनाने कधीच शोधलाय. ते रंगात जातं, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं. टरफलाचे पैसे कारखानदाराला मिळतात. बी फोडणाऱ्या बाईला किलोवर मजुरी आणि त्याच तेलाचा चीक बोटांवर. शेजारची काकी राख लावून फोडायला बसते, तरी बोटांची टोकं काळी पडून कातडी सोलवटलेली. रात्री आमटीत मीठ घालताना तिला ते झोंबतं, म्हणून चिमूट सुनेकडून घालून घेते.

फायदा सगळ्यांना होतो म्हणे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती दिल्या, हे मोठंच काम. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागेला अनुदानही आलं. पण कलम लावायला जमीन हवी, सातबाऱ्यावर नाव हवं. आमच्याकडे एकेका सामाईक सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. काकीचं नाव त्यात नाहीच.

'कचरा फुकट मिळतो' हेही खरं नाही. नारळाची सोडणं तिच्या चुलीत जळतात. काथ्याचा कारखाना आला की बागायतदार ती टेम्पो भरून विकणार, म्हणजे हिला जळण विकत.

बोंडूचं मात्र पटतं. बीच्या कितीतरी पट वजनाचं फळ, दिवसभरात नासतं. गोव्यात त्याची फेणी होते, आमच्याकडे झाडाखाली सडतं. रस टिकवायचं तंत्र जरूर शोधा, पण बचत गटाला पडवीत मांडता येईल एवढं, नुसतं वायनरीला परवडेल असं नको. आणि फोडायची स्वयंचलित यंत्रं आली, तर ती बायांच्या गटाच्या मालकीची असूदेत. नाहीतर काकीचे हात वाचतील आणि मजुरी जाईल.